मायच्या खांद्यावरची बोटं

माझी बायको गेली, तिला हे ठाऊक नव्हतं. दादा गेला, त्यालाही नव्हतं. माय तर केव्हाचीच गेली, आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. आता मी ऐंशीच्या पलीकडे आहे आणि तुमच्यासमोर बसलोय. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही, आणि ते बरंच आहे. ओळखीचं तोंड समोर असलं की मी काहीतरी रचून सांगतो. ते मला फार सफाईनं जमतं, आयुष्यभर जमत आलंय.

कुठून सुरू करू? नातीपासून करतो, ते सोपं आहे.

माझी नात रेणू बुलढाण्याला कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि हल्ली ते तुकड्यातुकड्यांचे फोटो. एकच फोटो घ्यायचा, त्याचे तीन नाहीतर पाच उभे भाग करायचे, प्रत्येक भाग वेगळ्या कॅनव्हासवर छापायचा आणि मधे थोडी थोडी जागा सोडून ओळीनं भिंतीवर टांगायचे. लांबून पाहिलं की पुन्हा एकच चित्र. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्या दुकानात बसलो होतो तेव्हा ती असंच एक काम करत होती. कुणाच्यातरी घरचा फोटो होता — म्हातारा-म्हातारी, मुलं, सुना. पडद्यावर त्या फोटोवर उभ्या पट्ट्या पडलेल्या दिसत होत्या. मी विचारलं, या कशाच्या? ती म्हणाली, दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेच्या. पट्टीखाली जे येतं ते छापलं जात नाही. आणि मी पाहिलं तर एका बाईचं तोंड नेमकं पट्टीखाली. मी म्हणालो, मग हिचं काय?

"काही नाही आबा, फोटो जरासा सरकवायचा," रेणू म्हणाली. "माणूस फटीत जाऊ द्यायचा नसतो."

तिनं सरकवला. बाई बाहेर आली, पट्टी मागच्या दारावर जाऊन पडली. एवढंच काम. मी चहा अर्धा टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. रेणूला वाटलं ऊन लागलं, तिनं पाणी आणून दिलं. मीही म्हणालो, हो, ऊनच लागलं. पाहा — तिथंसुद्धा.

तुम्हाला वाटत असेल हे तुकड्यांचं खूळ आजचं आहे. नाही. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी ते केलेलं आहे. कॉम्प्युटर कुठला? अंधारी खोली, लाल दिवा आणि काचेची निगेटिव्ह. आणि सरकवता मलाही येत होतं.

आमचं घर पिंपळगाव राजाचं. वडील लवकर गेले. दादानं मळा सांभाळला — कांदे, वांगी, मिरची — आणि मला खामगावात एका फोटो स्टुडिओत चिकटवलं. मालक म्हातारे होते, हात कापायचा, म्हणून आतलं काम सगळं माझ्याकडे आलं. बाजारात फिल्म आली होती, पण घरच्या मंडळींचे मोठे फोटो मालक काचेवरच घेत. त्या काचांची एक पद्धत इथंच सांगून ठेवतो, पुढं लागेल. जुनी काच कोणी फेकत नसे. गिऱ्हाईक आता परत येत नाही अशी खात्री झाली की ती सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची. वरचा थर फुगून सुटायचा, तो खरवडून काढला की खाली साधी, स्वच्छ काच उरायची. ती देवांच्या तसबिरींना बसवायची. आमच्या भागात कितीतरी देवघरांत देवापुढं अशी काच असेल, जिच्यावर कधीकाळी कुणाचं लग्न होतं नाहीतर कुणाचं बारसं.

असो. मी वेळ काढतोय, कळतंय मला.

मला एक बहीण होती. कुसुम.

माझ्यापेक्षा लहान. मेहकरकडे दिली होती, पण वर्ष सरायच्या आत नवऱ्यानं तिला आणून सोडलं. त्याची दुसरी बाई होती, लग्नाच्या आधीपासूनच होती. कुसुमचा काय दोष? काही नाही. आणि हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही, चांगलं कळत होतं. पण गावात बाया विचारायच्या, 'कुसुम अजून इथंच का?' आणि माझी मान खाली जायची. तिची जात नसे. ती सकाळी मळ्यात जायची, वांगी तोडायची, खतासारखी कामं गड्यांच्या बरोबरीनं करायची, आणि हसायची तर बांधापलीकडे ऐकू जायचं. मला 'फोटूवाले साहेब' म्हणायची. मी घरी आलो की माझ्या बोटांना औषधाचा वास येतो म्हणून नाक धरायची आणि मग त्याच हाताला धरून जेवायला ओढायची.

दादानं त्या वर्षी पुढची बैठक नवी बांधली. भिंतीला चुना झाला आणि त्याच्या मनात आलं, या भिंतीवर आख्ख्या घराचा फोटो पाहिजे, पण असा की दारातून माणूस आत आला की पहिला तोच दिसावा. मी मालकांचा कॅमेरा तिपाईसकट एसटीनं गावी आणला. थंडीची सकाळ होती. वाड्याबिड्याची ऐट आमची नव्हती. अंगणातल्या निंबाखाली सगळ्यांना बसवलं. मधे खुर्चीवर माय. माझ्याकडून बघता डावीकडे दादा, त्याची लेकरं, बैलजोडी. उजवीकडे वहिनी. आणि मायच्या मागं, जरा उजवीकडे, कुसुम. मायचंच हिरवं लुगडं नेसली होती. हात मायच्या खांद्यावर ठेवला होता.

मी सगळ्यांना सांगितलं, मी हूं म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही. बैलानं कान हलवला. दादाचा धाकटा नाक पुसत होता. वहिनी शेवटी पापणी मिटून बसली. कुसुम? तिनं श्वास कोंडून धरला होता. काच धुऊन बाहेर काढली तेव्हा मालक म्हणाले, या सगळ्यांत ही पोरगी काय सुरेख आली आहे.

हे ध्यानात ठेवा. ती हलली नव्हती.

त्याच सुमाराला धाड गावाहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगी मी पाहून आलो होतो आणि मला ती फार आवडली होती — फार म्हणजे फारच. आता तिचे वडील आमचं घर पाहायला येणार होते. बैठकीत बसतील, समोर भिंतीवर फोटो. बोट दाखवून विचारतील, हे कोण, ते कोण. आणि ही कोण? बहीण. कुठं दिली? — पुढं काय बोलायचं? माझ्या मनात रात्रंदिवस हेच. कोणी मला काही सुचवलं नाही हो. दादानं नाही, वहिनीनं नाही. वहिनीला तर कुसुमवाचून घास जात नसे. जे केलं ते मी एकट्यानं केलं.

स्टुडिओत भिंतीला पुरेल एवढा मोठा कागद मिळत नव्हता. म्हणून मीच दादाला म्हटलं होतं, एकाच फोटोचे तीन भाग करू, तीन चौकटी, मधे अर्ध्या अर्ध्या वितीची जागा. दादाला कल्पना फार पसंत पडली. एका दुपारी मालक घरी जेवायला गेले आणि मी आतून कडी लावली. काचेतून दिव्याचा प्रकाश भिंतीवर पाडला. आख्खं घर भिंतीवर उभं राहिलं, उलट्या रंगांत — तोंडं काळी, केस पांढरे. कुसुमचे केसही पांढरे. तसे ते खरे पांढरे व्हायला ती जगली नाही.

मी भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या. पहिली फट निंबाच्या खोडातून काढली, तिथं कुणाचंच काही गेलं नाही. दुसरी फट कुठून काढायची? कुसुम आणि वहिनी यांच्यामधे अंगण मोकळं होतं. मातीच होती नुसती. तिथून काढली असती तर माती गेली असती. मी तिथं रेघ मारलीसुद्धा होती. मग ती पुसली आणि डावीकडे घेतली. कुसुमच्या तोंडावरून.

हात तेवढा राहिला. तो कापायचा तर मायचा खांदा कापावा लागला असता.

तुम्ही म्हणाल, यासाठी एवढं? एका फोटोत एक माणूस आलं नाही, बस? थांबा. मला वाटलं होतं इथवर सांगितलं की संपेल, पण हे निम्मंही नाही.

धाडचे पाहुणे आले तेव्हा कुसुमला मी मळ्यातच थांबायला सांगितलं होतं, मिरचीला पाणी द्यायचंय म्हणून. पाहुण्यांनी भिंत पाहिली, वाहवा केली, लग्न ठरलं. संध्याकाळी कुसुम आली. फोटो टांगलेले तिनं अजून पाहिलेच नव्हते. पाय धुऊन, पदर सारखा करून ती भिंतीसमोर उभी राहिली. पहिल्या चौकटीपासून बघत आली. दुसरीशी थांबली. तिसरी पाहिली. परत दुसरीशी आली.

"भाऊ, मी तं दिसूनच नाही राह्यली," ती म्हणाली. "मायच्या मांगं होती ना मी?"

मी म्हणालो, फटीत गेली तू. तीन भाग करताना कोणी ना कोणी जातंच, त्याला इलाज नसतो. ती हसली. खरंच हसली, मला अजून ऐकू येतं ते. म्हणाली, बरं झालं, मीच गेली, बैल गेला असता तं दादा जेवला नसता. मग जरा वेळानं, चूल फुंकता फुंकता, माझ्याकडे न बघता म्हणाली, मले एक लहानसा काढून दे ना, माह्या एकटीचा. काचेवर तं हाव ना मी? तिचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. लग्नातही कोणी काढला नव्हता.

मी म्हणालो, हाव, देतो.

दादा तिथंच हात धुवत होता. तो म्हणाला, एकटीचा कायले, ते मधली चौकटच नवी करून टाक, पोरीले घेऊन. पुढच्या बाजाराला मी खामगावला येतोच, मालकांना भेटतो. झालं. मालक दादाला दोन शब्दांत सांगणार होते की हे तर नुसतं सरकवायचं काम आहे. मग दादा माझ्याकडे बघणार. दादा मला कधी ओरडला नव्हता. तो नुसता बघणार होता. ते मला सोसवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो आणि सोड्याचं पाणी तापत ठेवलं.

हे ते. हे मी कोणाला सांगितलं नाही. काच पाण्यात सोडली. थर फुगला, कडेनं सुटायला लागला. निंब सुटला, बैल सुटले, दादा, लेकरं. ती मधे होती, शेवटी सुटली. मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडलं आणि नळाखाली धरलं. गावी जाऊन सांगितलं, काच तडकली. दादा चुकचुकला. कुसुम म्हणाली, जाऊ दे, तुह्या हाताले तं नाही लागली ना?

आणि ती काच? घरी मायच्या देवघरात बालाजीची तसबीर होती, तिची काच फुटली होती. माय कधीची मागे लागली होती. मी ही धुतलेली काच नेली आणि बसवली. काऊन केलं असं? मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. काच हाताशी होती आणि मापाची होती. याहून वेगळं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

लग्न झालं. वर्षभरात सासऱ्यांना कुसुमचं सगळं कळलं, कळणारच होतं, एकाच घरात तर होती. ते काय म्हणाले असतील? म्हणाले, बिचारी लेक, तिला आमच्याकडे पाठवा चार दिवस, हवापालट होईल. बस. ज्याच्यासाठी मी घाबरून मेलो होतो ते एवढंच होतं. माझ्या बायकोचं आणि तिचं तर असं सूत जमलं की मी खामगावहून आलो की दोघी मिळून माझी टिंगल करत. माझा मुलगा, रेणूचा बाप, कुसुमच्या मांडीवर वाढला.

मी तिचा दुसरा फोटो का काढला नाही? तुम्ही हे विचारणारच. कॅमेरा होता, हात होता. पण तिला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं म्हणजे मला कॅमेऱ्यातून तिच्याकडे बघावं लागणार होतं. मी उद्या म्हणत गेलो. तिनं पुन्हा कधी मागितला नाही.

मग तिला कावीळ झाली. मळ्यात कामाला जातच होती, डोळे पिवळे झाले तरी. बुलढाण्याला नेलं तोवर उशीर झाला होता. आणलं ते तसंच.

तेरवीच्या आधी माय माझ्याजवळ येऊन बसली. रडत नव्हती, रडून झालं होतं तिचं. म्हणाली, बापू, लोकं येतीन, पाटावर ठेवायला पोरीचा फोटो पाहिजे. मी म्हटलं, माय, ती काच तर तडकली होती ना. मायनं त्याचा विचार आधीच करून ठेवला होता.

"तडकली म्हणजे तुकडे असतीन," ती म्हणाली. "तिच्या तोंडाचा तेवढा तुकडा शोध."

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक खरं सांगायची होती. मायनं मला मारलं नसतं, घराबाहेर काढलं नसतं, कदाचित माझ्याच डोक्यावरून हात फिरवला असता — आणि तरी माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हणालो, तुकड्यांवर तरी काय असणार माय? फोटो काढताना ती हलली होती. तोंड पुसटच आलं होतं तिचं, नुसता धुरकट डाग.

जी श्वास कोंडून उभी होती, तिच्यावर घातलं मी. ती मेलेली असताना.

आणि मायनं विश्वास ठेवला. म्हातारीच्या तोंडावर हसू आलं हो, तेवढ्या दुःखात. म्हणाली, "हलली असन. लहानपणापासून एका जागी कुठी उभी राहे ती."

तेरवीला पाट रिकामा मांडला. पण सगळे जेवून गेल्यावर मी पाहिलं, माय बैठकीत भिंतीजवळ स्टुलावर चढून उभी होती. आमच्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत आणि त्या चौकटीत मधोमध तर तीच बसलेली. हार घालता येत नव्हता. म्हणून तिनं बोटानं कुंकू घेतलं आणि फोटोतल्या स्वतःच्या खांद्यावर, जिथं ती बोटं टेकली होती, तिथं काचेवर लावलं. पुढं ती असेपर्यंत सणावाराला लावत राहिली. लोकांना वाटायचं म्हातारीला भ्रम झालाय. मी दारात उभा राहून बघायचो आणि मागं फिरायचो.

आता त्या तिन्ही चौकटी माझ्याकडे आहेत. दिवाळीला रेणूनं त्यांचे फोटो काढून नेले. म्हणाली, आबा, मी हे तीन तुकडे कॉम्प्युटरवर जोडून पुन्हा एक करते, फटीतलं अंगण भरून काढते, कळणारसुद्धा नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. बाकी सगळं छान जुळलं, म्हणाली, पण पणजीच्या खांद्यावर चार बोटं आहेत आणि मागं माणूसच नाही. कुणाची आहेत ती? विचित्र दिसतात, पुसून टाकू का?

मी म्हणालो, राहू दे. कुणाची ते सांगितलं नाही.

बालाजीची तसबीरही माझ्याकडेच आहे, मायच्या मागं ती मला आली. रोज सकाळी अंघोळ झाली की माय ती काच पदराच्या टोकानं पुसायची. आधी देवाचं नाव घ्यायची, आणि कुसुम गेल्यावर पुसता पुसता कुसुमशी बोलायची — मिरची बरी आली, वहिनीचे पाय दुखतात, बापूच्या पोराचा दात पडला. देवाच्या हाती निरोप धाडते आहे असं तिला वाटायचं. वर्षानुवर्षं, माझ्यादेखत.

कधी कधी मी ती तसबीर उन्हात नेतो, काच तिरपी धरून बघतो. कडेला काही राहिलं असेल, लुगड्याचा काठ, काही. काही नाही. फार स्वच्छ धुतली होती मी.